लेकीची चिठ्ठी सासरहून

गेल्या रविवारी आमच्या वाचनाच्या बैठकीला मी पाऊण तास उशिरा पोचले. कारण सांगायला लाज वाटते पण सांगते, मावशींनी दांडी मारली होती आणि शनिवार रात्रीचा कुकर, कढई, परात सगळं सिंकमध्ये तसंच पडलेलं, आणि ते टाकून बाहेर पडायचं म्हणजे मला काहीतरी चोरी करून निघाल्यासारखं वाटतं. नवरा म्हणाला जा तू, मी बघतो, पण त्याचं ‘बघतो’ म्हणजे संध्याकाळ. मग घासली, ओट्यावरून फडकं फिरवलं, वारज्याहून निघाले तर वाटेत धो धो पाऊस आणि नळस्टॉपचा तो सिग्नल. मैत्रिणीच्या दारात उभी राहिले तेव्हा ओले हात ओढणीला पुसत होते. ती दार उघडून म्हणाली, आलीस का बाई, आम्हाला वाटलं आता तुझ्याशिवायच उरकावं लागतंय. मी म्हटलं अगं भांडी कशी टाकून येऊ. यावर आतून बाकीच्या दोघी अशा काही हसल्या की मला कळेना माझ्या तोंडाला काही लागलंय का.

तर झालं असं होतं की मी गोष्ट वाचूनच गेले नव्हते. पीडीएफ मोबाईलमध्ये पडून होती. त्या तिघींनी वाचलेली. आणि त्या गोष्टीतली बाई अगदी अशीच येते, सगळं गाव जमल्यावर, धावत, अ‍ॅप्रनला हात पुसत. आणि गावचा कारभारी तिला जवळजवळ हेच म्हणतो आणि ती त्याला भांड्यांचंच कारण देते आणि लोक हसतात. मी तिथे सोफ्यावर बसून पोहे खाता खाता पहिल्यांदा वाचली, वीस मिनिटं लागली असतील, आणि वाचून झाल्यावर पोहे राहिले ते राहिलेच.

गोष्ट शर्ली जॅक्सनची, ‘द लॉटरी’. न्यूयॉर्कर मासिकात 26 जून 1948 ला छापून आली. आता इतक्या वर्षांनी शेवट सांगितला म्हणून कोणी रागावू नये, पण ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी खरंच आधी जाऊन वाचा आणि मग या.

तीनेकशे वस्तीचं अमेरिकेतलं एक गाव. 27 जूनची सकाळ, छान ऊन. लोक चौकात जमतायत, पोस्ट आणि बँकेच्या मधे. दरवर्षी होते ती लॉटरी आज आहे, दोन तासांत आटपायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी. तीन पायांच्या स्टुलावर एक जुनी काळी पेटी, तिच्यात चिठ्ठ्या. आमच्यातली बँकवाली म्हणाली तिला आधी वाटलं म्हाडाची लॉटरी असेल तसं काहीतरी. मला तर भिशी आठवली. आईच्या सोसायटीत अजून चालते, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, डबा खळखळ हलवायचा, कुणाच्या तरी नातवाला चिठ्ठी काढायला लावायची, आणि त्याआधी अर्धा तास गप्पा, गुडघे, सुना, भाजीचे भाव. गोष्टीची सुरुवात इतकी तशीच आहे की आपण आरामात बसतो. आणि शेवटी कळतं की ज्याची चिठ्ठी निघेल त्याला सगळ्या गावाने मिळून दगडांनी मारायचं असतं. टेसी हचिन्सनची निघते. तीच ती भांडीवाली.

आमच्यात भांडण झालं ते यावर की ही गोष्ट बायकांबद्दल आहे की नाही. आमच्यातली एक शाळेत शिकवते, तिचं म्हणणं की ही गोष्ट आंधळ्या रूढीची, याच्यात बाई-पुरुष कशाला आणता, चिठ्ठी काय कुणाचीही निघाली असती, तिच्या नवऱ्याची पण निघाली असती. मुद्दा बरोबर आहे. दगड सगळ्यांना सारखेच. पण मी घरी येऊन परत दोनदा वाचली आणि माझं मत झालं की दगडाकडे बघत बसलो की बाकीचं सुटतं. या गोष्टीत बाईचं काय होतं ते दगड उचलायच्या आधीच होऊन गेलेलं असतं, आणि ते होतं यादी करताना. हळू आवाजात. कुणीही ओरडत नाही.

म्हणजे बघा. पहिल्या फेरीत चिठ्ठी घराची असते, आणि घराच्या वतीने उचलायची घरच्या पुरुषाने. नावं पुकारली जातात ती घरांची, पुढे जातात ते पुरुष, बायका मागे उभ्या. डनबार नावाच्या माणसाचा पाय मोडलाय, तो घरी आहे, मग त्याच्या बाजूने कोण? मी, त्याची बायको म्हणते. तर कारभारी, त्याचं नाव समर्स, तो तिला विचारतो की तुला मोठा मुलगा नाही का, तुझ्यासाठी उचलायला? आणि पुढचं वाक्य मला फार म्हणजे फारच आवडलं, लेखिका म्हणते की उत्तर समर्सला आणि सगळ्या गावाला नीट ठाऊक होतं, पण असे प्रश्न रीतसर विचारणं हे त्याचं कामच होतं. मुलगा अजून सोळाचाच आहे. मग वॉटसनचा पोरगा हात वर करतो, मी या वेळी आईसाठी आणि माझ्यासाठी उचलतोय, तर गर्दीतून शाबासकी. तुझ्या आईला कुणीतरी पुरुषमाणूस आहे बाबा, बरं झालं. एवढंच. गोष्ट पुढे जाते. त्या आईचं तोंडसुद्धा आपल्याला दिसत नाही.

मला हे वाक्य का लागलं ते सांगते.

माझे बाबा 2016 ला गेले. आई राहते ती सोसायटी सहकारनगरच्या बाजूची, चोवीस फ्लॅट, सगळे एकमेकांना चाळीसेक वर्षं ओळखतात, कुणाच्या घरात आज कोणती भाजी ते जिन्यात कळतं. बाबा गेले त्या रात्री वैकुंठ स्मशानभूमीत जायची सगळी धावपळ सोसायटीतल्याच लोकांनी केली, आम्हाला काही कळायच्या आत. तेरा दिवस घरात चूल पेटवावी लागली नाही, डबे येत होते. सेक्रेटरी काका तर दोन रात्री आमच्याकडेच बसून होते. आणि पंधराव्या दिवशी तेच काका रजिस्टर घेऊन आले, चप्पल बाहेर काढून, खुर्चीच्या टोकावर बसून, अगदी दबक्या आवाजात म्हणाले, वहिनी, एक विचारायचं होतं, आता मीटिंगला तुमच्याकडून कोण? मुलगा... म्हणजे... जावई येतील ना? त्यांना माहीत होतं हो. माझ्या आणि ताईच्या बारशाला ते जेवले होते. आईला मुलगा नाही हे त्यांना आईइतकंच ठाऊक होतं. पण विचारायचं असतं ना.

आई म्हणाली, धाकटे जावई येतील.

आणि मी कुठे होते? आत. चहा टाकत होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी आल्याचा तुकडा किसत उभी राहिले.

तेव्हापासून आईच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला माझा नवरा जातो. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पुरुष खुर्च्यांवर, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. पाण्याच्या टाकीवर चर्चा होते, नवरा हात वर करतो. गंमत म्हणजे फ्लॅट आईच्या नावावर झालाय, शेअर सर्टिफिकेट तिच्या नावाचं, सभासद ती. सहकार कायद्यात प्रॉक्सीने मतदान चालतच नाही. म्हणजे इतकी वर्षं तो बिचारा बेकायदा हात वर करतोय आणि जिची मतं ती पायरीवर बसून चिवड्याच्या प्लेटा भरतेय. यात कुणीही वाईट माणूस नाही. तोच तर त्रास आहे. वाईट असता तर मी चहा ओतला असता त्याच्या रजिस्टरवर.

समर्स पण वाईट नाही. गावात तो सगळ्यात उत्साही माणूस, असले कार्यक्रम तोच घेतो. त्याच्याबद्दल एकच घरगुती माहिती दिलीय, की लोकांना त्याची कीव येते, कारण मूलबाळ नाही आणि बायको कजाग. झालं, त्या बाईचं गोष्टीतलं अख्खं आयुष्य एवढ्यात संपलं. ती येत नाही, बोलत नाही, तिला नाव नाही. मूल नाही याचं दुःख त्याचं आणि कजाग ती. मी पहिल्यांदा वाचताना हे वाक्य सरळ गिळून पुढे गेले होते, आणि मला वाटतं लेखिकेला तेच हवं होतं.

आणखी एक जागा. सुरुवातीला आया पोरांना हाका मारतायत, चला, इकडे या. एक पोरगा आईच्या हाताखालून सुळकन निसटतो, हसत पळतो. मग बाप एकदाच आवाज चढवतो आणि पोरगा मुकाट येऊन उभा. दोन-तीन ओळींचं आहे. पण पोरं कुणाचं ऐकायचं ते इथेच शिकून मोकळी झाली, आणि दगडांचा ढीग रचणारी हीच पोरं, पोरी बाजूला उभ्या राहून कुजबुजत बघतायत.

आता खरी गोष्ट. चिठ्ठी हचिन्सनच्या घराची निघते. टेसी लगेच ओरडायला लागते की हे बरोबर झालं नाही, माझ्या नवऱ्याला नीट निवडायला वेळच दिला नाही. दुसऱ्या फेरीत घरातल्या प्रत्येकाची एकेक चिठ्ठी, त्यातल्या एकीवर काळा ठिपका. समर्स विचारतो, तुमच्या घरात आणखी कोणी? टेसी म्हणते, डॉन आणि इव्हा आहेत की, त्यांनाही घ्या! इव्हा म्हणजे तिची लग्न झालेली लेक. आणि समर्स तिला, हे पण हळुवारपणे बरं का, समजावतो की लेकी नवऱ्याच्या घरच्यांबरोबर उचलतात, तुलाही माहितीय. नवरा बिल खेदाने म्हणतो माझी लेक तिच्या सासरच्यांबरोबर उचलते, तेच रास्त आहे.

इथे मी पीडीएफ बंद करून गॅलरीत जाऊन आले.

कारण एक तर ती आई स्वतःच्या पोरीला मरणाच्या यादीत ओढतेय. टेसी ही काही बिचारी निष्पाप बाई नाही, हे मला या गोष्टीत फार आवडलं. तिचं गणित साधं आहे. घरात पाच जण, ती, नवरा, तीन मुलं, तर तिच्यावर यायची शक्यता पाचात एक. लेक-जावई धरले तर सातात एक. नुसतं नवरा-बायकोचं घर असतं तर दोघांत एक! म्हणजे या गावात बाईने जिवंत राहायचं तर मुलं जास्त हवीत, आणि त्यातही मुलगे, कारण मुली लग्न झालं की दुसऱ्या घरची संख्या वाढवायला जाणार. हे गोष्टीत कुठेही लिहिलेलं नाही, मी कागदावर आकडे मांडल्यावर दिसलं. अष्टपुत्रा हा आशीर्वाद त्या गावातही चालला असता.

आणि दुसरं, ते वाक्य मी ऐकलंय. इंग्रजीत नाही, मराठीत, आमच्या काकांच्या, म्हणजे बाबांच्या भावाच्या तोंडून. त्याला आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हणतात.

आमची भोरकडे थोडी जमीन. बाबांना तीन बहिणी. महाराष्ट्राने 1994 ला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क देणारा कायदा केला, केंद्राचा आला 2005 ला, म्हणजे आपण अकरा वर्षं पुढे, छाती फुगवायला हरकत नाही. पण त्या 1994 च्या कायद्यात एक बारीक कलम होतं: ज्या मुलीचं लग्न कायदा येण्याआधी झालंय तिला तो लागू नाही. शब्दशः लेकी नवऱ्याच्या घरून! माझ्या दोन आत्या त्यात बाद. धाकटीचं लग्न 1997 चं, ती कायद्यात बसत होती, पण तिनेही सही दिली, कारण दोघींना नाही तर हिला कसं. 2005 ला केंद्राने ती लग्नाची भानगड काढून टाकली, 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 2005 ला वडील हयात असायची पण गरज नाही. तोवर आत्यांच्या साड्या जुन्या होऊन बोहारणीकडे गेल्या होत्या. हो, सहीच्या बदल्यात एकेक साडी मिळाली होती.

बाबा गेल्यावर काकांनी मला आणि ताईला बोलावलं. पोरींनो, तुम्हाला काय कमी आहे, फॉर्मॅलिटी आहे नुसती. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर माझा अंगठा मशीनवर उमटेचना. तीन-चार वेळा पुसून दाबला. तिथला माणूस म्हणाला, होतं मॅडम बायकांचं, भांड्याच्या साबणाने रेषा जातात. मग दुसरं बोट लावलं. ते उमटलं. काकांनी बाहेर आल्यावर आम्हाला मस्तानी पाजली. मी आंबा घेतली. मी शिकलेली, कमावती, हे कायदे मला तोंडपाठ, आणि मी अजून काकांवर रागवू शकत नाही कारण माझ्या बारावीच्या वेळी रोज पहाटे क्लासला सोडायला तेच यायचे.

दुसऱ्या फेरीतली आणखी एक गोष्ट मला आमच्या बैठकीत सुचली नव्हती, रात्री सुचली. तिथे प्रत्येक जण आपापली चिठ्ठी उचलतो ना, छोटा डेव्ही पण, बारा वर्षांची नॅन्सी पण. म्हणजे टेसी स्वतःच्या हाताने स्वतःची चिठ्ठी उचलते ती याच फेरीत. आधीच्या फेरीत ती बिलच्या मुठीत होती. बाईला तिचं स्वतंत्र नाव मिळतं ते थेट मारायच्या यादीत. आणि तीही चिठ्ठी ती पाठीमागे धरून ठेवते, तर समर्स बिलला सांगतो दाखव तिची चिठ्ठी, आणि बिल जाऊन तिच्या हातातून ती ओढून काढतो आणि वर धरतो. त्याआधी त्याने तिला गप्प बस म्हटलेलंच असतं. एवढ्या माणसांत तिला हात लावायची परवानगी त्यालाच असते बहुतेक.

शाळावाली मैत्रीण शेवटी म्हणाली, पण दगड तर बायकाच पुढे होऊन घेतात की. हो, घेतात. मिसेस डेलाक्रॉय, जी सुरुवातीला टेसीच्या शेजारी उभी राहून हसत होती, जिच्या दंडावर टेसीने निघताना हलकेच थोपटलं होतं, ती दगड उचलते तो इतका मोठा की दोन्ही हात लागतात. मिसेस डनबार धापा टाकतेय, मला पळवत नाही, तुम्ही व्हा पुढे, मी येते. जिला मघाशी मोठा मुलगा नाही का विचारलं तीच! आणि डेव्हीच्या हातात कुणीतरी बारके खडे देतं, आईला मारायला. पण बायकाच बायकांच्या शत्रू वगैरे जे म्हणतात ते मला इथे पटत नाही. डेलाक्रॉय बाईला टेसी आवडत नाही असं कुठेय? आवडतेच. डबा आणणारा हात आणि रजिस्टर उघडणारा हात एकच असतो, हे ज्याने अशा वस्तीत आयुष्य काढलंय त्याला वेगळं सांगायला नको. टेसी स्वतः तरी काय, दुसऱ्या कुणाची निघाली असती तर तीही गेली असती दगड घेऊन, मग घरी जाऊन स्वयंपाकाला लागली असती. तिची तक्रार लॉटरीबद्दल नाहीच, तिच्या घराची निघाली याबद्दल आहे.

पुण्यात बसून दगडांची गोष्ट वाचताना भिडेवाडा आठवला नाही असं होणार नाही. तिथली शाळा 1848 ची, ही गोष्ट बरोबर शंभर वर्षांनंतरची. सावित्रीबाईंवर शेण-दगड फेकले हे आपल्याला चौथीपासून पाठ असतं. पण 1849 ला जोतीराव आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं ते जोतीरावांच्या वडिलांनीच, गोविंदरावांनी, जातभाईंच्या दबावाखाली, हे आपण जरा पटकन ओलांडतो. फेकणारे रस्त्यावरचे होते म्हणून त्यांचा राग येतो. गोविंदरावांना त्या रात्री झोप लागली असेल का असं मला नेहमी वाटतं.

जॅक्सनबाईंनी नंतर एका भाषणात सांगितलंय की ही गोष्ट त्यांना लेकीची बाबागाडी ढकलत चढ चढताना सुचली, गाडीत लेक आणि वाणसामान. घरी आल्या, पोरीला खेळायच्या कुंपणात ठेवलं, भाज्या फ्रिजमध्ये टाकल्या आणि लिहायला बसल्या. (भाज्या आधी. हे मी दोनदा वाचलं.) त्या उन्हाळ्यात तीनशेच्या वर पत्रं आली, त्यातली जेमतेम तेरा प्रेमाची, तीही बहुतेक मित्रमंडळींची. काही वाचकांनी चक्क विचारलं होतं की ही लॉटरी कुठे असते, बघायला येता येईल का. आणि खुद्द त्यांच्या आईने कळवलं की मला आणि बाबांना तुझी गोष्ट मुळीच आवडली नाही.

ते वाचून मला वाटलं आपणही आपल्या आईला सांगून बघावी. रात्री फोन केला, अर्ध्या तासात अख्खी गोष्ट सांगितली, भिशीसारखी पेटी, पोरं, दगड, टेसी, लेकीची चिठ्ठी सगळं. सेक्रेटरी काकांचं नाव मी काढलं नाही. आई मधे मधे हं हं करत होती, मागे सिरियल चालू होती तिचा आवाज तिने कमी केला, मग बंदच केला.

मी संपवल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ती भांडी घासून आली होती ना गं?”

म्हटलं हो, घासूनच आली होती.

“बघ,” आई म्हणाली, आणि मग या वर्षीची सभा कितव्या तारखेला आहे ते विचारायला लागली.